पंधराव्या क्रमांकाची दया

१ जून १९९३ रोजी ७४वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि तिच्यासोबत राज्यघटनेला जोडली गेलेली बारावी अनुसूची, म्हणजे शहरांच्या कारभाराकडे सोपवता येण्याजोग्या अठरा विषयांची यादी, नगरपालिका आणि महानगरपालिकांच्या हाती पडली. या यादीत नगररचनेला पहिला क्रमांक आहे, रस्ते आणि पुलांना चौथा, पाणीपुरवठ्याला पाचवा. चौदाव्या क्रमांकावर दफनभूमी, स्मशाने आणि विद्युतदाहिन्या आहेत, सोळाव्यावर जन्ममृत्यूची नोंदणी आहे आणि अठराव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर कत्तलखान्यांचे नियमन आहे. स्मशान आणि जन्ममृत्यूचा दाखला यांच्या मधोमध, पंधराव्या क्रमांकावर, कोंडवाडे आणि प्राण्यांवरील क्रौर्याला प्रतिबंध हा विषय बसवलेला आहे. दयेला ही जागा मसुदा करणाऱ्यांनी विचारपूर्वक दिली की उरलीसुरली म्हणून दिली, हे सांगणे अवघड असले तरी पालिकेत कधीतरी काम पडलेल्या नागरिकाला हा क्रम अनुभवाला धरून आहे असेच वाटेल.

त्याआधी १९७६ साली ४२व्या घटनादुरुस्तीने सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले होते. म्हणजे नागरिकाला दया कर्तव्य म्हणून मिळाली, पालिकेला ती विषय म्हणून मिळाली, आणि मिळायचे राहिले ते फक्त लेखाशीर्ष. लेखाशीर्ष म्हणजे अंदाजपत्रकातील तो कप्पा, ज्याच्या नावाने रक्कम धरली जाते आणि खर्ची टाकली जाते. ज्या गोष्टीला लेखाशीर्ष नाही ती गोष्ट पालिकेच्या दृष्टीने घडू शकत नाही, आणि घडलीच तर ती कोणीतरी स्वतःच्या जबाबदारीवर घडवलेली असते. कोंडवाड्याच्या दुरुस्तीला लेखाशीर्ष सापडते, श्वान निर्बीजीकरणाला सापडते, मेलेली जनावरे उचलण्याच्या मक्त्यालाही सापडते. दयेला सापडत नाही. पालिकेतील दयाळू अधिकारी हा विषय त्यामुळे अभ्यासकाला जड जातो, कारण त्या अधिकाऱ्याचे मुख्य कार्य कोणत्याही कागदावर आढळत नाही आणि जे कागदावर आढळते ते त्याने नाइलाजाने केलेले असते.

खानदेशात, विशेषतः जळगाव आणि धुळे या दोन शहरांत, हा अभ्यास करायला काही सोयी आहेत. दोन्ही ठिकाणच्या नगरपालिका १८६०च्या दशकातल्या, दोन्ही शहरे १९०६ साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले तेव्हा एकेका जिल्ह्याची मुख्य ठाणी झालेली, आणि दोन्ही नगरपालिका २००३ साली काही महिन्यांच्या अंतराने महानगरपालिका झालेल्या. धुळ्यात इंग्रजी अंमलाच्या आरंभी आखून वसवलेल्या वस्तीतील गल्ल्यांना नावांऐवजी क्रमांक आहेत, त्यामुळे मोकाट गाय कोठे बसली होती हे पंचनाम्यात नेमके लिहिता येते. जळगावच्या महापालिकेची इमारत सतरा मजल्यांची आहे आणि गावात 'सतरा मजली' एवढे म्हटले की रिक्षावाला पुढचे काही विचारत नाही. पंधराव्या क्रमांकाचे लाभार्थी मात्र या सतरापैकी एकाही मजल्यावर चढू शकत नाहीत, आणि त्यांची अर्ज करण्याची पद्धत म्हणजे भर चौकात, दुभाजकाला पाठ लावून, रवंथ करीत बसणे ही आहे. त्या अर्जाची दखल बहुधा पहिला दुचाकीस्वार पडल्यानंतर घेतली जाते.

दखल घेणारा अधिकारी कोण, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. महापालिकेत पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचे पद असतेच असे नाही, असले तर भरलेले असतेच असे नाही, आणि भरलेले असले तर ती व्यक्ती प्राण्यांच्याच कामावर असते असेही नाही. अशा वेळी कोंडवाडा आणि कुत्री हे दोन्ही विषय एखाद्या स्वच्छता निरीक्षकाकडे, म्हणजे झाडलोट, गटारे आणि कचरा यांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून येतात. अतिरिक्त कार्यभार या संज्ञेचा अर्थ असा की काम दुसऱ्याचे, जबाबदारी स्वतःची आणि पगार होता तेवढाच. पालिकेच्या अलिखित भूगोलात नगररचना विभाग हा सुपीक प्रदेश मानला जातो, बांधकाम विभाग बागायती, आणि कोंडवाडा हे निव्वळ माळरान. तेथे माणसाची नेमणूक होते ती बहुधा तो कोणाच्या तरी डोळ्यांत सलला म्हणून. दयाळू अधिकारी जन्माला येतो तो या माळरानावर. शंभरातले नव्वद जण कार्यभार स्वीकारतात आणि दुसऱ्या दिवसापासून बदलीच्या खटपटीला लागतात. उरलेल्यांपैकी एखादा तेथे गेल्यावर हौदात पाणी आहे की नाही हे वाकून पाहतो, आणि हे वाकणे त्याला निवृत्तीपर्यंत पुरते.

कोंडवाडा म्हणजे मोकाट सुटलेली किंवा दुसऱ्याच्या पिकात शिरलेली जनावरे अडकवून ठेवण्याची सरकारी जागा. जाडजूड भिंत, लोखंडी फाटक, एक हौद, एक गव्हाण आणि फाटकाशेजारी खुर्ची-टेबल एवढा तिचा संसार असतो, आणि त्या टेबलावरची नोंदवही ही तेथील सर्वांत जास्त सांभाळली जाणारी वस्तू असते. या जागेचा कायदेशीर पाया १८७१ सालच्या पशू अतिक्रमण अधिनियमाने घातला, आणि या अधिनियमातील दंडाचा मूळ तक्ता हे एकोणिसाव्या शतकातील गंभीर लेखनाचे एक दुर्लक्षित पान आहे. हत्तीला दोन रुपये; उंट किंवा म्हशीला आठ आणे; घोडा, खेचर, बैल किंवा गाय यांना चार आणे; वासरू, गाढव आणि डुक्कर यांना दोन आणे; मेंढी, बोकड, करडू यांना एक आणा. तापीकाठच्या कपाशीत हत्ती शिरल्याचे प्रसंग फारसे घडले नसावेत, तरी कायदा सर्वांना सारखा असल्यामुळे खानदेशातील कोंडवाडा-रक्षकालाही हत्ती आलाच तर त्याचे किती घ्यायचे हे ठाऊक असणे भाग होते. त्याला बांधायचे कोठे हे कायद्याने त्याच्या समयसूचकतेवर सोडले होते. म्हैस गायीच्या दुप्पट आणि गाढव गायीच्या निम्मे, या हिशेबामागे नुकसानीचे गणित असेल, भुकेचे असेल किंवा मसुदा करणाऱ्याच्या अंगणात घडलेला एखादा प्रसंग असेल. कायदा कारणे देत नाही. पुढे आण्यांचे रुपये झाले आणि दर बदलत गेले, पण तक्त्याचे तत्त्व टिकले: अपराध मालकाचा, अटक जनावराला.

याच अधिनियमात, तक्त्यापासून थोड्या अंतरावर, दयेचाही उल्लेख आहे आणि तो अगदी रोखठोक आहे. कोंडवाडा-रक्षकाने अडकवलेल्या जनावरांना चारापाणी दिले पाहिजे, आणि पुरेसे दिले नाही तर त्याला पन्नास रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ही रक्कम हत्तीच्या दंडाच्या पंचवीसपट असल्याने उपाशी हत्ती हा रक्षकाला मोकाट हत्तीपेक्षा पुष्कळ महाग पडत असे. उलट बाजूने, पकडून नेले जात असलेले जनावर कोणी दयेच्या किंवा मालकीच्या भरात जबरदस्तीने सोडवले तर त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड. दोन्ही आकडे शेजारी ठेवले असता असे दिसते की कायद्याच्या लेखी दया न करणे हा किरकोळ गुन्हा आहे आणि दया अंगाने करणे हा मोठा. पालिकेतील दयाळू अधिकाऱ्याची सगळी कारकीर्द या पन्नास आणि पाचशे रुपयांच्या दरम्यान व्यतीत होते.

मालक न आल्यास काय करायचे, हेही १८७१ साली ठरून गेले आहे. सात दिवस वाट पाहायची, मग पोलीस ठाण्याला कळवायचे, पोलिसांनी जनावराचे वर्णन लिहून नोटीस चिकटवायची आणि जवळच्या बाजारात दवंडी पिटवायची, आणखी सात दिवसांत कोणी आले नाही तर लिलाव करायचा. लिलावात कोंडवाड्याच्या नोकराने किंवा पोलिसाने बोली लावायची नाही, आडूनही नाही. कायदा करणाऱ्यांना आपल्या नोकरवर्गाची किती जवळून ओळख होती, हे या शेवटच्या अटीवरून समजते. पण या तरतुदीचा एक परिणाम त्यांच्या ध्यानात आला नसावा: ज्या रक्षकाला चौदा दिवस एकाच वासराला पाणी पाजता पाजता त्याचा लळा लागला, त्यालाही ते वासरू कायद्याने विकत घेता येत नाही, आणि मग मेहुण्याच्या नावावर ते घेणे आणि घेऊ न देणे यांत खाते आणि कुटुंब या दोन्ही आघाड्यांवर त्याची ओढाताण होते.

मालक येत नाही असे सहसा घडत नाही, हा भाग वेगळा. शहरी गाय ही एक स्वयंचलित व्यवस्था आहे. पहाटे धार काढून झाली की तिला दारातून बाहेर लोटतात, ती भाजीबाजाराची आणि फळगाड्यांची ठरलेली फेरी करून, कोबीचा पाला, केळीची साले आणि दुर्दैवाने प्लास्टिकच्या पिशव्या यांवर पोट भरून, संध्याकाळच्या धारेला आपल्या पायांनी परत येते. मालकाच्या वाट्याला चाऱ्याचा खर्च शून्य आणि दूध मात्र पुरते. या गायीने रस्त्यावर कोणाला पाडले तर तिला मालक नसतो, चौकातील पानटपरीवाल्यालाही ती कोणाची हे आठवत नाही. परंतु कोंडवाड्याची गाडी तिला घेऊन फाटकात शिरते न शिरते तोच मालक, त्याचा भाऊ, भाच्याचा मित्र आणि नगरसेवकाचा फोन हे चौघे पाठोपाठ हजर होतात. मालकाचे पहिले वाक्य अहिराणीत असते, "साहेब, मनी गाय सोडी द्या ना," आणि दुसरे वाक्य गाय गाभण असल्याचे असते. कोंडवाड्यातील नोंदी चाळल्या तर खानदेशातील मोकाट गायींचे गाभण राहण्याचे प्रमाण पशुसंवर्धन खात्याला विचार करायला लावील. दयाळू अधिकारी पावती प्रमाण मराठीत फाडतो आणि कानउघाडणी अहिराणीत करतो, "तुले लाज वाटत नही का रे भो, प्लास्टिक खाई राहिनी ती," आणि या दोन भाषांपैकी मालकाला लागते ती दुसरी.

दंडाचा परिणाम नेहमी अपेक्षेप्रमाणे होतोच असे नाही. खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे जातो, कडब्याचे, म्हणजे ज्वारीच्या वाळलेल्या ताटांचे, भाव चढतात आणि कोंडवाड्यातील चारापाण्याचा दर मात्र कोणे एके काळच्या ठरावाप्रमाणे तसाच राहतो. व्यवहार जाणणाऱ्या मालकाच्या लक्षात येते की घरी गाय सांभाळण्यापेक्षा ती चार दिवस पालिकेच्या पाहुणचाराला ठेवणे स्वस्त आहे, आणि एरवी अर्ध्या तासात धावत येणारा हा गृहस्थ मे महिन्यात सहाव्या दिवशी, सावकाश, टोपी सारखी करीत येतो. अधिकाऱ्याला हा डाव कळतो. कळूनही तो गव्हाण अर्धी ठेवीत नाही, कारण डाव गायीने टाकलेला नसतो. ठरलेला दर आणि बाजारातला भाव यांमधील अंतर मग त्याला कोठून तरी भरून काढावे लागते. येथे त्याच्या मदतीला खानदेशची शेती येते: रावेर-यावलकडे केळीची कापणी झाली की उरलेले खांब आणि पाने जनावरांना चालतात, आणि ज्या ट्रकमधून घड शहरात येतात त्या ट्रकवाल्याला दोन शब्द गोड बोलले की परतीचा नसला तरी येतानाचा एखादा भारा फाटकाशी पडतो. भाजीबाजारातील अडत्याकडून पाला येतो, डाळमिलमधून चुरी येते. यांपैकी कशाचीही आवक नोंदवहीत करता येत नाही, कारण फुकट आलेल्या मालाची नोंद केली तर तो फुकट का आला याचा खुलासा मागितला जातो.

फुकट मिळणाऱ्या दयेची ही व्यवस्था खानदेशच्या बाजारपेठांना नवी नाही. पश्चिम भारतातील व्यापारी पेढ्यांवर सौद्यामागे थोडी रक्कम 'धर्मादाय' म्हणून बाजूला काढण्याची रीत जुनी आहे आणि त्या रकमेतून पांजरापोळ, म्हणजे म्हाताऱ्या, लंगड्या आणि निरुपयोगी ठरलेल्या जनावरांना मरेपर्यंत सांभाळणारी संस्था, चालत असे. जळगाव आणि धुळे ही दोन्ही कापसाची मोठी पेठ असलेली शहरे, आणि दोन्हीकडे पांजरापोळ आहे. लिलावात ज्या बैलाला कसाबाखेरीज गिऱ्हाईक मिळणार नाही असे अधिकाऱ्याला दिसते तो बैल पांजरापोळात पोचवण्यासाठी त्याला जी पत्रे लिहावी लागतात, त्यांत 'दया' हा शब्द कोठेही येत नाही. 'जागेअभावी वर्ग करणेबाबत' असा विषय असतो आणि त्यावर तीन सह्या असतात.

पांजरापोळाच्या इतिहासात कुत्र्यांचाही मोठा वाटा आहे. १८३२ साली मुंबईत सरकारने भटकी कुत्री मारणाऱ्याला दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवले, बक्षिसाच्या लोभाने शिपाई आणि इतर मंडळी घरांच्या दारातली कुत्रीही मारू लागली, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पारशी आणि हिंदू समाजांनी दुकाने बंद ठेवून दंगा केला. गोऱ्या साहेबांना त्या दिवशी पाव आणि पाणी मिळण्याची पंचाईत झाली. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईचे पांजरापोळ उभे राहिले. आठ आणे हा आकडा येथे लक्षात घेण्याजोगा आहे: पुढे १८७१च्या तक्त्यात उंटाला जो दंड लागला तेवढेच बक्षीस मुंबईत मेलेल्या कुत्र्याला मिळत होते.

आता कुत्रे मारता येत नाही. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाखाली २००१ मध्ये श्वान जन्मनियंत्रणाचे नियम झाले, त्यांच्या जागी २०२३ मध्ये नवे आले, आणि दोन्हींचा गाभा एकच आहे: कुत्रे पकडावे, त्याची शस्त्रक्रिया करावी, रेबीजची लस द्यावी, ओळख म्हणून कानाला खाच द्यावी आणि जेथून उचलले तेथेच नेऊन सोडावे. पालिकेच्या इतर कोणत्याही कामाचा पूर्णत्वाचा दाखला असा जनतेसमोर स्वतः फिरत नाही. रस्त्याचा दाखला फाइलीत असतो आणि रस्ता नसतो, कुत्र्याचा दाखला कानावर असतो आणि कुत्रे दारात असते. तरीही नागरिकांचे समाधान होत नाही. एकाच गल्लीतून अधिकाऱ्याला सकाळी दोन फोन येतात. पहिल्या माडीवरच्या काकूंना कुत्री आजच्या आज उचलून न्यायची असतात, आणि तळमजल्यावरच्या काकांना परवा नेलेला लाल्या अजून का आणला नाही हे जाणून घ्यायचे असते. काकांच्या मते लाल्या माणसाळलेला आहे. काकूंच्या मते तो माणसाळलेला आहे तो काकांपुरता. अधिकारी दोघांनाही 'बघतो' असे सांगतो. हा शब्द पालिकेत सामान्यतः 'काही होणार नाही' या अर्थाने वापरला जातो, परंतु दयाळू अधिकारी खरोखर जाऊन बघतो आणि त्यामुळे दोन्ही घरांत चहा घेण्याची आपत्ती त्याच्यावर ओढवते.

२०२५ सालच्या ऑगस्टमध्ये या साध्या कार्यपद्धतीला देशव्यापी प्रसिद्धी मिळाली. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि परिसरातील भटकी कुत्री उचलून निवारागृहांत ठेवण्याचा आदेश दिला, २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने त्यात बदल करून रेबीज झालेली आणि आक्रमक कुत्री वगळता बाकीची शस्त्रक्रिया व लसीकरणानंतर मूळ जागी सोडावीत आणि त्यांना खायला घालण्याच्या जागा ठरवून द्याव्यात असे सांगितले, आणि नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा आवारांतून त्यांना हलवण्याचे निर्देश आले. दिल्लीत काय ठरले याची खबर खानदेशात त्याच दिवशी पोचली, आणि ऑगस्टमधल्या दोन्ही आदेशांची कात्रणे एकाच गल्लीतून, एक माडीवरून आणि एक तळमजल्यावरून, अधिकाऱ्याच्या टेबलावर आली असणार याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही.

आता प्रश्न स्मरणाचा. अधिकारी माणसे इतिहासात राहतात ती मोजता येण्याजोगे काही केल्यामुळे, आणि खानदेशात तर याची सुरुवातच मासलेवाईक आहे. १८२५ साली येथे भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमने पुढील दहा वर्षांत दीडशेहून अधिक वाघांच्या शिकारीत भाग घेतला आणि चरित्रकारांनी ते वाघ मोजून ठेवले. त्या काळात एखाद्या तहसील कचेरीतील कारकुनाने किती बैलांना पाणी पाजले हे कोणी मोजले नाही. मोजणीच्या बळावर चांगली माणसेही आठवणीत राहतात, हे मुंबईत दिसते. मूळचे गोव्यातील हडफड्याचे डॉ. अकासियो व्हिएगस हे मुंबई महापालिकेचे निवडून आलेले सभासद. १८९६च्या सप्टेंबरात मांडवी भागातील रोग्यांना झालेला ताप हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, आहे हे त्यांनी ओळखले, स्वतः वस्त्यांमध्ये फिरले, पुढे १९०६ साली महापालिकेचे अध्यक्ष झाले, आणि आज त्यांचा पुतळा धोबी तलावाजवळ मेट्रो सिनेमासमोर उभा आहे. त्या साथीत सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त मेलेल्या उंदरांचा पुतळा नाही. त्यांच्यासाठी मुंबई महापालिकेने रात्रपाळीचे मूषक संहारक नेमले आणि त्यांना रोजचा कोटा ठरवून दिला. पुण्यात १९८०च्या दशकात कात्रजचे सर्पोद्यान उभारणारे नीलिमकुमार खैरे यांनाही लोक ओळखतात ते १९८० साली ७२ विषारी सापांसोबत काचेच्या खोलीत ७२ तास काढल्याबद्दल. सापांवरील त्यांचे प्रेम त्याआधीही होते आणि नंतरही राहिले, पण प्रेमाला तास लागले तेव्हा ते छापून आले.

कोंडवाड्यावरच्या अधिकाऱ्याच्या प्रेमाला तास लागत नाहीत. निवृत्तीच्या दिवशी सभागृहात सेवापूर्ती समारंभ होतो, म्हणजे एकाच महिन्यात निवृत्त होणाऱ्या सर्वांना एका रांगेत बसवून शाल, श्रीफळ आणि गुच्छ देण्यात येतो. वक्ते 'मनमिळाऊ', 'कर्तव्यदक्ष' आणि 'अजातशत्रू' ही तीन विशेषणे रांगेतील सर्वांना समान वाटतात, आणि कोंडवाड्याचा उल्लेख सौजन्य म्हणून टाळतात, जसा एखाद्याच्या तुरुंगवासाचा टाळावा. जिभाऊ, अप्पा, नाना अशा घरगुती नावांनी माणसे ओळखणाऱ्या या मुलखात त्याला गावाने वेगळेच नाव दिलेले असते: तो 'गायीवाला साहेब' असतो किंवा 'कुत्तेवाले साहेब' असतो, आणि खरे आडनाव विचारले तर चहाच्या टपरीवर दोन मते पडतात. टपरीवरची आठवण मात्र उदार असते. तेथे एका वासराचे वर्षभरात खिल्लार होते, पांझरा नदीच्या पुरात अडकलेले गाढव दोन पावसाळ्यांत घोडा होते, आणि साहेबांनी खिशातून घातलेली कडब्याची पेंढी ट्रकभर होते. त्यातले किती खरे हे तपासण्याचा मार्ग नाही, कारण साहेब स्वतः तेथे असले तरी ऐकू आले नाही असे दाखवून बिस्किट खाली टाकीत बसलेले असतात.

कागदावर शोधायचे म्हटले तर सेवापुस्तक, म्हणजे सरकारी नोकराच्या नेमणुकीपासून निवृत्तीपर्यंतच्या नोंदींचे पुस्तक, हा पहिला आधार. त्यात जन्मतारीख, वेतनवाढी, रजा आणि बदल्या सापडतात. मे महिन्यात हक्काची रजा न घेता कोंडवाड्यावर काढलेली वर्षे सापडत नाहीत, कारण न घेतलेल्या रजेचे कारण लिहायला तेथे रकाना नाही. दुसरा आधार वृत्तपत्रांचा, आणि तेथे अधिकाऱ्याचा फोटो येतो तो कुत्रे चावल्याच्या बातमीसोबत. तिसरा आधार खात्रीचा आहे, पण तिकडे अभ्यासक वळत नाहीत: लेखापरीक्षणाचे आक्षेप. लेखापरीक्षण म्हणजे झालेला खर्च नियमाप्रमाणे झाला की नाही याची नंतर होणारी तपासणी, आणि आक्षेप म्हणजे तसा तो न झाल्याचा लेखी ठपका. कठोर अधिकाऱ्याच्या कोंडवाड्यावर आक्षेप निघत नाही, कारण तेथे जनावरे कमी खातात. दयाळू अधिकाऱ्याच्या काळातील परिच्छेद मात्र वाचण्यासारखे असतात: जनावरांची संख्या आणि चाऱ्याची मागणी यांचा मेळ बसत नाही, ठरलेल्या प्रमाणापेक्षा अधिक कडबा देण्यात आला आहे, मान्यतेविना औषधे खरेदी करण्यात आली आहेत, लिलावास पात्र बैल लिलाव न करता वर्ग करण्यात आल्याने उत्पन्नाची हानी झाली आहे. वाढीव कडबा, औषधे आणि वाचलेला बैल या तिन्ही गोष्टी सही-शिक्क्यानिशी एका पानावर येतात त्या फक्त येथे.

या आक्षेपांना उत्तर द्यावे लागते आणि ते सहसा निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याच्या जागी आलेल्याला द्यावे लागते, कारण लेखापरीक्षण उशिरा होते आणि आक्षेप खुर्चीला चिकटतो. नवा अधिकारी जुन्या नोंदवह्या काढतो, फाटकाशी बसणाऱ्या मुकादमाला विचारतो, मुकादम मान हलवतो आणि सांगत काही नाही. लेखापरीक्षकाची मागणी साधी असते: खरेदी केलेला जादा चारा प्रत्यक्ष पडताळणीसाठी सादर करावा. खालून टिपणी तयार होऊन वर जाते, एका टेबलावर तिच्यातील भाषा सुधारली जाते, दुसऱ्यावर 'चारा' या शब्दाच्या आधी 'सदर' घातला जातो, आणि अखेर अनुपालन म्हणून, म्हणजे आक्षेप दूर करणारा खुलासा म्हणून, असे कळवले जाते की सदर चारा संबंधित जनावरांनी त्याच वेळी भक्षण केला असल्याने तो पडताळणीस उपलब्ध करून देता येत नाही, तरी आक्षेप वगळण्यात यावा. आक्षेप वगळला जात नाही; पुढील तपासणीपर्यंत तो कायम ठेवण्यात येतो आणि सोबत जनावरांची पोच मागवली जाते.